बॉटलब्रश : ओळख आणि जोपासना

वसंताच्या सुमारास शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारांत एक झुडूप तांबड्या फुलांनी लवलेले दिसते. बाटल्या घासावयाच्या ब्रशासारखी त्याची फुले, म्हणून नावही बॉटलब्रश. मूळचे हे ऑस्ट्रेलियाचे. पण आपल्या हवेत ते आता चांगले रुळले आहे. तरीही, “पाणी घातले, खत घातले, फूल मात्र नाही,” अशी तक्रार कित्येक घरी ऐकू येते, आणि एके दिवशी ते झाड उपटले जाते. यात झाडाचा दोष किती आणि आपला किती, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम त्याचे कुळ पाहू. हे जांभळाचे कुळ. पेरू, लवंग, नीलगिरी ही सारी त्याची भावंडे. भूमध्य समुद्राकाठच्या ‘मर्टल’ या सुगंधी झुडपावरून शास्त्रज्ञांनी या कुळाला ‘मिर्टेसी’ हे नाव दिले. बायबलातील एस्तेर राणीचे हिब्रू नाव ‘हदस्सा’. त्याचा अर्थ हेच झुडूप. मात्र नुसत्या नावावर विसंबू नये. ज्याला इंग्रजीत ‘क्रेप मर्टल’ म्हणतात, ते चुणीदार पाकळ्यांचे झुडूप या कुळातले नव्हेच. ते मेंदीच्या आणि तामणाच्या गोतातले. उलट, खऱ्या मर्टलला हिंदीत ‘विलायती मेंदी’ म्हणतात, आणि मेंदीशी त्याचे नाते नाही!

मग ओळखावे कसे? पान उन्हासमोर धरा. त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या होत. पान चुरगळताच सुगंध येतो तो त्यांचाच. पण असे ठिपके लिंबाच्या कुळातही असतात. म्हणून फूलही पाहावे. पेरूच्या फुलात पुंकेसरांचा झुबका असतो. तसाच तो बॉटलब्रशातही असतो. आपण ज्याला एक फूल समजतो, तो अनेक लहान फुलांचा तुरा असतो, आणि त्याचे तांबडे केस म्हणजे पुंकेसर. पाकळ्या अगदी लहान असून लवकर गळतात. म्हणूनच रॉबर्ट ब्राउन यांनी १८१४ साली या गणाला ‘कॅलिस्टेमॉन’, म्हणजे ‘सुंदर केसरांचा’, असे नाव दिले. अलीकडे काही शास्त्रज्ञ त्याची गणना ‘मेलाल्यूका’ या गणात करतात.

बागांत याचे दोन प्रकार विशेष आढळतात. एकाच्या फांद्या ताठ असतात आणि पानांना लिंबाचा वास येतो. दुसऱ्याच्या फांद्या खाली लोंबतात आणि त्याचा लहानसा वृक्ष होतो. जागा लहान असेल तर पहिलाच लावावा.

आता याची सर्वांत मोठी खूण ऐका. तुरा सुकला तरी फांदी तेथे थांबत नाही. तुऱ्याच्या शेंड्यातून नवी पालवी फुटून ती पुढे वाढते. मागे राहिलेली टणक बोंडे मण्यांसारखी फांदीला वर्षानुवर्षे चिकटून असतात. ही खूण केवळ ओळखीची नव्हे. कात्री केव्हा चालवावी, हेही तीच सांगते. पुढचे तुरे येतात ते नव्या फांद्यांच्या टोकांना. मेंदीच्या कुंपणासारखी बारमाही छाटणी केली, की ती टोकेच जातात. फुले ओसरताच तुऱ्याच्या किंचित खाली कापावे. मग खालून अनेक फांद्या फुटतात आणि फुलेही वाढतात.

जागा भरपूर उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. बोंडे कागदी पाकिटात ठेवली, की वाळून उघडतात व धुळीसारखे बी गळते. ते मातीवर नुसते भुरभुरावे, खोल पुरू नये. पण बियांची रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही, आणि त्यांना फुले येण्यास काही वर्षे लागतात. आवडता रंग हवा असेल तर अर्धवट जून फांदीचे कलम करावे.

तेव्हा श्रोतेहो, झाड उपटण्यापूर्वी एक वर्ष कात्री बाजूला ठेवून पाहा. तुरे आले, की त्यांतील मधासाठी शिंजीर पक्षी येतील, आणि मुलांना पान उन्हासमोर धरून दाखविण्यास एक झाडही अंगणात राहील.