गोळी एक, औषधे दोन

(भिवंडीत यंत्रमाग कामगारांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागाच्या खडखडाटात बारा तासांची पाळी करून कामगार बाहेर पडतो तेव्हा त्याची मान आणि कंबर धरलेली असते. वाटेत औषधाचे दुकान लागते. तो दुखण्यावरची गोळी मागतो, दुकानदार देतो आणि चहाबरोबर ती पोटात जाते. शांतीनगर असो, पद्मानगर असो की नारपोली, ह्यात कोणाला काही नवल वाटत नाही. परंतु त्याच कामगाराला जर रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ह्या दोन गोळ्या मिळून त्याच्या मूत्रपिंडावर घाला घालू शकतात, आणि ही गोष्ट त्याला बहुधा कोणी सांगितलेली नसते. आजचा विषय हाच आहे. एका गोळीत दोन किंवा तीन औषधे एकत्र असतात तेव्हा ती कशी घ्यावी, आणि ती नीट घेता यावी म्हणून चळवळीने काय करावयास हवे?

उच्च रक्तदाब हा गादीवर बसणाऱ्या सुखवस्तू माणसाचा रोग, ही समजूत प्रथम सोडून द्यावयास हवी. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षे व त्यावरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के व्यक्तींचा रक्तदाब एकतर वाढलेला आढळला किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. म्हणजे चार-पाच माणसांमागे एक. हा रोग वर्षानुवर्षे काही त्रास देत नाही, आणि एके दिवशी अर्धांगवायूच्या किंवा हृदयविकाराच्या झटक्याने आपली ओळख देतो. ज्याची मजुरी विणलेल्या कापडावर मोजली जाते, त्याचा एक हात लुळा पडला की त्याच दिवशी त्याच्या घरची चूल अडते.

आता ह्या जोड-गोळ्यांविषयी. लोकाभिमुख आरोग्याचा विचार करणाऱ्यांच्या मनात अनेक औषधे एकत्र कोंबलेल्या गोळीबद्दल जुना संशय आहे, आणि तो रास्त आहे. जयसुखलाल हाथी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली दिलेल्या अहवालात औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून मूळ नावांनी औषधे विकावीत, असे सुचविले होते. पुढे १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. शास्त्राचा आधार नसलेली मिश्रणे केवळ नफ्यासाठी बाजारात ओतली जात होती, हे त्यातून स्पष्ट झाले.

परंतु रास्त संशय चुकीच्या जागी वापरला तर तो कामगाराच्याच जिवावर उठतो. ‘कंपन्यांनी दोन औषधे एकत्र केली ती लुबाडण्यासाठी, एक गोळी बंद कर,’ असा सल्ला देणारा कार्यकर्ता अनेकदा प्रामाणिक असतो, पण तो घातक सल्ला देत असतो. रक्तदाबाच्या बाबतीत शास्त्राचा कौल वेगळा आहे. एकाच औषधाची मात्रा दुप्पट केली तर रक्तदाब फारसा अधिक उतरत नाही. मात्र निराळ्या मार्गाने काम करणारे दुसरे औषध जोडले तर जो अधिक उतार मिळतो, तो मात्रा दुप्पट करण्याच्या सुमारे पाचपट असतो, असा अनेक प्रयोगांचा एकत्रित निष्कर्ष आहे. शेजारच्या श्रीलंकेत कमी मात्रेची तीन औषधे एका गोळीत देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी ही गोळी घेणाऱ्यांपैकी ७० टक्के रुग्णांचा रक्तदाब ठरविलेल्या मर्यादेत आला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रक्तदाबाच्या काही जोड-गोळ्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. रोज तीन गोळ्यांपेक्षा एक गोळी लक्षात ठेवणे सोपे असते. तेव्हा जोड-गोळी ही लबाडी नव्हे. धोका आहे तो आत काय आहे हे न जाणता ती घेण्यात.

म्हणून पहिला नियम असा की, गोळीचे व्यापारी नाव नव्हे, तर तिच्यातील औषधांची नावे माहीत हवीत. भारतात ह्या गोळ्यांत बहुधा अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, आणि क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड ही नावे आढळतात. पहिले औषध रक्तवाहिन्या सैल करते, दुसरे त्या आवळणाऱ्या संप्रेरकाची क्रिया अडविते, आणि तिसऱ्या प्रकारची औषधे लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकतात. समजा, एक कामगार लग्नसराईत आझमगडला गावी गेला. पाकीट संपले, तेथील डॉक्टरने दुसऱ्या नावाची गोळी दिली. परत आल्यावर तो भिवंडीची जुनी गोळी आणि गावची नवी गोळी अशा दोन्ही घेऊ लागला. नावे दोन, रंग दोन, पण आतील औषध तेच. मात्रा दुप्पट झाली, आणि मागापुढे उभ्या उभ्या त्याला भोवळ आली. चालत्या मागाजवळ भोवळ येणे म्हणजे काय, हे येथे सांगावयास नको.

दुसरा नियम वेदनाशामकांचा. मूत्रपिंडात रक्त गाळले जाण्यासाठी तेथे पुरेसा दाब असावा लागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्यांसारख्या गोळ्या रक्त आत येण्याची वाट आवळतात. टेल्मिसार्टन आणि त्याच्या जातीची औषधे रक्त बाहेर जाण्याची वाट सैल करतात. लघवी वाढविणारे औषध शरीरातील पाणीच कमी करते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गाळण्याचे काम मंदावते, आणि मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. शिवाय ही वेदनाशामके रक्तदाबही वाढवितात. म्हणून रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याने दुकानातून परस्पर वेदनाशामक घेऊ नये. अनेकांना पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत चालते. पण तेही डॉक्टरला विचारूनच घ्यावे.

ह्याच्याशीच निगडित तिसरी गोष्ट पाण्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली चालणाऱ्या मागखात्यात घामाने अंग निथळत असते. अशा वेळी, किंवा जुलाब-उलट्या होत असताना, लघवी वाढविणाऱ्या औषधाने पाणी व क्षार धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतात. गळून गेल्यासारखे वाटणे, पायांत गोळे येणे, उठताना अंधारी येणे, लघवी कमी होणे ही त्याची चिन्हे होत. जुलाब-उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. काही दिवस गोळी थांबवावी की बदलावी, हे त्यांनी ठरवावे.

चौथी गोष्ट, गोळी मनाने सोडू नये आणि मनाने मोडूही नये. रक्तदाब आटोक्यात आला म्हणजे रोग गेला असे नव्हे. तो गोळीमुळे आटोक्यात असतो. काही जोड-गोळ्यांत अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असते. ते एकाएकी बंद केल्यास, विशेषतः हृदयविकार असलेल्याला, गंभीर त्रास होऊ शकतो. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवण होताच घ्यावी. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. पण दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. टेल्मिसार्टन असलेली गोळी दमट हवेत बिघडते. म्हणून ती आधीच फोडून पुडीत बांधून ठेवू नये, घेण्याच्या वेळीच पाकिटातून काढावी.

पाचवी गोष्ट, औषधाच्या त्रासाला नवा रोग समजू नये, आणि तो लपवूही नये. अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याला ती अधिक जाणवते, आणि घाबरून तो गोळी टाकून देतो. ती टाकू नये, डॉक्टरला दाखवावी. सूज दुसऱ्या कारणाने आहे की काय ते त्यांनी पाहावे, मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, छातीत दुखू लागले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचे बळ गेले, तर उद्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळी सुरू करताना आणि त्यानंतर काही आठवड्यांनी रक्तातील क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम तपासून घ्यावे. पोटॅशियम असलेले ‘कमी सोडियमचे मीठ’ ह्या औषधांबरोबर विचारल्याशिवाय वापरू नये.

स्त्रियांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. टेल्मिसार्टन व त्याच्या जातीची औषधे, तशीच एनालॅप्रिल, रॅमिप्रिल ह्यांसारखी औषधे गर्भाला अपाय करतात. दिवस राहिले आहेत असे कळताच, किंवा तसा विचार असेल तर त्याआधीच, डॉक्टरला सांगून औषध बदलून घ्यावे. कांडी भरणाऱ्या वा गोदामात काम करणाऱ्या भगिनींना हे कोण सांगणार? कार्यकर्त्यांनीच ती जबाबदारी घेतली पाहिजे.

आता खरा प्रश्न. हे सारे नियम ज्याने पाळायचे, त्याला ते पाळता यावेत अशी त्याची परिस्थिती आहे काय? खाडा केला तर मजुरी बुडते, म्हणून तो तपासणीला जात नाही. पाकिटावर गोळीतील घटक बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असतात. ज्याला तेलुगू, उर्दू वा हिंदी वाचता येते त्याला त्यांचा काय उपयोग? कारखाने लहान लहान तुकड्यांत विभागलेले, कामगाराची नोंद नाही, म्हणून राज्य विमा योजनेची दारे असंख्य कामगारांना बंदच राहतात. अशा माणसाला ‘औषध नियमित घे’ एवढेच सांगणे ही त्याची थट्टा होय. त्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवण्याआधी समाजाच्या निष्काळजीपणाकडे पाहावे लागेल.

उपाय मात्र आवाक्याबाहेरचे नाहीत. सरकारी दवाखान्यांतून ठरावीक औषधक्रमाने रक्तदाबाचे उपचार करून रुग्णांचा पाठपुरावा ठेवणारी राष्ट्रीय योजना २०१७ साली सुरू झाली, आणि पहिल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जिल्हेही होते. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेचे दवाखाने आहेत. तेथे निदान एका महिन्याचे औषध एकदम मिळावे, गावी जाणाऱ्याला अधिक दिवसांचे मिळावे, पाळी सुटल्यावर येता येईल अशी वेळ असावी आणि रक्ततपासणी विनामूल्य व्हावी, ह्या मागण्या साध्या आहेत. त्यांसाठी शिष्टमंडळ नेणे हे मजुरीवाढीच्या मागणीइतकेच कामगार चळवळीचे काम आहे.

तोवर कार्यकर्त्याने स्वतः डॉक्टर बनू नये, कोणाची गोळी सुरू किंवा बंद करू नये. त्याने एक साधे काम करावे. आपल्या वस्तीतील प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड तयार करावे. त्यावर गोळीतील औषधांची नावे व मात्रा डॉक्टरकडून लिहून घ्यावीत, रुग्णाला वाचता येईल त्या लिपीत ती पुन्हा उतरावीत, आणि खाली ठळक लिहावे: ‘दुखण्यावरची गोळी देण्यापूर्वी हे कार्ड पाहा.’ ते कार्ड रुग्णाच्या खिशात राहावे. आझमगडचा डॉक्टर असो वा धामणकर नाक्यावरचा दुकानदार, त्याच्यापुढे ते ठेवता यावे. आपण काय गिळतो आहोत हे कळण्याचा हक्क कामगाराला आहे, आणि तो त्याच्या हाती देण्यास ह्या कार्डापासून उद्याच आरंभ करता येईल.