नळदुर्गची सहल आणि शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रवासावर चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी नळदुर्गविषयी बोलेन असे कळवले. काहीजणींना हसू आले. येरमाळ्याहून धाराशिव, तुळजापूर करीत सकाळी निघून रात्री परत येता येते, त्याचे कसले प्रवासवर्णन! पण माणसे जर्मनीत जाऊन बॉम्बने पडलेली शहरे मुलांना दाखवतात, तिथले पदार्थ चाखून येतात. आपल्याच जिल्ह्यातून रणगाडे गेले, ती वाट आपल्या मुलांनी पाहिलेली नसते.

गेल्या 17 सप्टेंबरला, मुक्तिदिनाचे झेंडावंदन आटोपून आम्ही निघालो. हे, मी, थोरली, धाकटा आणि सासूबाई. सत्त्याऐंशीव्या वर्षी किल्ला कसला बघायचा, असे मी म्हणणार होते. तोवर त्या गाडीत बसल्याही होत्या.

नळदुर्गला बोरी नदी अडवून किल्ल्यातच बंधारा घातला आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे काम. पाऊस चांगला झाला की नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाला थेंब लागत नाही. धाकटा तिथून हलेचना. उपळ्या बुरुजावर चढून दमल्यावर मात्र त्याने तोफेकडे बोट दाखवून विचारले, "हिने लढाई केली का?"

त्या लढाईत या तोफांचे काही काम नव्हते. 13 सप्टेंबर 1948 रोजी पहाटे हिंदी सैन्य सोलापूरकडून आले. इथे निजामाची पायदळ पलटण होती. सैन्याने एवढी घाई केली, की बोरीवरचा पूल शाबूत हाती आला. पूल उडाला असता तर त्या पावसाळ्यात रणगाडे अलीकडेच अडकते. सकाळी 9 च्या सुमारास ते जळकोटात होते, दुपारी उमरग्यात. तिकडे तुळजापुरात दोन तास चकमक झाली. दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या रस्त्यांवर लढाई झाली आणि शहर पडले. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांचे युद्ध. त्याला पोलीस अ‍ॅक्शन म्हणण्याची पद्धत पडली.

हे सारे पुस्तकात सापडते. त्याच्या आधीचे वर्ष मात्र बायकांनी कसे काढले, ते फारसे सापडत नाही. ते आम्हांला जेवताना कळले.

दरवाजाजवळ लिंबाखाली आम्ही शिदोरी सोडली. ज्वारीचे धपाटे, शेंगांची चटणी, दही, कांदा, आणि गोड म्हणून दुधात भिजवलेल्या दशम्या. दशमी पाहून सासूबाई म्हणाल्या, "आम्हांला दशम्या करायला सवड नव्हती गं."

त्यांचे माहेर सरहद्दीजवळच्या खेड्यात. 1948 च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धाडी वाढल्या. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करी, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. बार्शी मुंबई इलाख्यात, म्हणून माणसे तिकडे धावत. सासूबाई दहा वर्षांच्या होत्या. आईने तव्यावरची भाकरी अर्धीकच्ची उतरवली, पीठ मिठासकट फडक्यात बांधले आणि चूल तशीच पेटती ठेवून त्या रात्री निघाल्या. काठवट मागे राहिली, तिची हळहळ आईला मरेपर्यंत होती.

धान्य काय होते, असे थोरलीने विचारले. धान्य पेवात होते. निजामाच्या राज्यात लेव्ही वसूल होई. अमुक पायल्या सरकारला घालायच्याच, मग घरात खायला उरो न उरो. म्हणून पेवाच्या तोंडावर शेण सारवून त्यावर गोठा करीत. लेव्हीला विरोध, करोडगिरीचे नाके जाळणे, सरकारचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडणे, हे पुरुषांच्या पराक्रमात मोजले जाते. पेव झाकणारी बाई त्यात येत नाही. जालन्याकडच्या दगडाबाई शेळक्यांचे नाव निदान घेतले जाते, इतरांचे तेही नाही.

इथवर मुले रंगून ऐकत होती. मग सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीनंतर आम्ही परत आलो. काठवट नव्हती. आणि मनियारणीचं घर उघडं होतं." आत कोणी नव्हते. सासूबाईंच्या हातात पहिल्या बांगड्या त्याच मनियारणीने भरल्या होत्या. बार्शीला निघाल्या त्या रात्री वेशीपर्यंत कंदील घेऊन आली होती तीच. "मग ती कुठं गेली?" धाकट्याने विचारले. "कुणी सांगितलं नाही," एवढेच त्या म्हणाल्या आणि दह्याचे भांडे झाकू लागल्या.

हे या व्यासपीठावर सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. सैन्य पुढे गेल्यावर सूड घेतला गेला. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने 1948 च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आपलाच जिल्हा, होता. संस्थानभर 27 ते 40 हजार माणसे गेली असा तिचा अंदाज. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नव्हता. रझाकारांनी केले ते खरे आणि हेही खरे. मुलांना अर्धेच सांगायचे असेल, तर मग किल्ल्यावर नेऊन नुसते पाणी दाखवावे.

परतताना तुळजापूरला देवीचे दर्शन घेतले. गाडीत कोणी फार बोलले नाही. पुढच्या आठवड्यात भाकरी थापताना सासूबाईंना मनियारणीचे नाव आठवले आणि थोरलीने ते वहीत टिपून घेतले. वहीची आता सात पाने झाली आहेत.

आपल्या मंडळातल्या घरांत ऐंशीच्या पुढच्या पाच-सहाजणी तरी असतील. शनिवारी भिशी आहे, त्यांना बरोबर आणा. चढायला जिना नाही, खाली चौकातच बसू. धपाटे मी करते, दही कोणीतरी आणावे. थोरली वही घेऊन येईल.