टपरीवरचा आकडा गोधडीत आला



आज फोनवर पैसे लावून खेळतात त्या खेळांबद्दल बोलायचं आहे. रमी, तीन पत्ती, लाल-हिरव्या रंगाचा खेळ, क्रिकेटवरचा सट्टा, पैशाचा लुडो. बचत गटाचं काम करणाऱ्यांनी या विषयात कशाला पडायचं, असं कुणाला वाटेल. पण हा नाद घरातल्यांच्या आधी आम्हाला दिसतो, कारण तो हप्त्यात दिसतो. वर्षानुवर्षं तारखेला हप्ता भरणारी बाई लागोपाठ दोन बैठका "पुढच्या वेळी देते" म्हणते. मग गाभण शेळी विकल्याचं कानावर येतं. विचारलं तर आजारपण सांगते. पण आजारपणाला दवाखान्याची चिठ्ठी असते, औषधाची पिशवी असते. इथं काहीच नसतं, आणि बाई मान वर करत नाही.

जुगार गावाला नवा नाही. मुंबईत कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर पैसे लावायचे, त्यातून मटक्याचे ओपन आणि क्लोज हे शब्द आले आणि खेड्यापाड्यांत पोचले. पण आकडा लावायला माणसाला उठून टपरीपर्यंत जावं लागायचं. खिशात रोकड लागायची. वाटेत कुणी बघायचं, संध्याकाळपर्यंत घरी कळायचं. टपरी रात्री बंद व्हायची. खिसा रिकामा झाला की खेळही संपायचा. हे सगळे अडथळे होते, आणि त्या अडथळ्यांनीच पुष्कळ घरं वाचवली. आता खेळ गोधडीत आला आहे. रात्री दोन वाजता, बायको-पोरं शेजारी झोपलेली असताना, चार आकड्यांचा पिन टाकला की दूध डेअरीचं पेमेंट गेलं. आवाजसुद्धा होत नाही.

यात पैसा जातो कसा, ते भिशीवरून बघा. दहा जणींनी दहा-दहा रुपये टाकले, शंभर जमले. आपल्या भिशीत ज्या बाईचं नाव निघतं तिला पूर्ण शंभर मिळतात. आता समजा, चिठ्ठी काढणारी परकी बाई आहे आणि ती दर फेरीला शंभरातले दहा स्वतःकडे ठेवते. मिळालेले पैसे पुन्हा भिशीतच टाकायचे म्हटलं तर शंभराचे 90 होतात, मग 81, मग 73, आणि सातव्या फेरीला 48 उरतात. कुणी लबाडी केलेली नाही, पत्ते फिरवलेले नाहीत, तरी निम्म्याहून जास्त पैसे चिठ्ठीवालीच्या पदरात. फोनवर अशा सात फेऱ्या पंधरा मिनिटांतही होतात. मधूनमधून कुणीतरी जिंकतं, ते खरं आहे. त्याचीच गोष्ट गावभर फिरते. हरलेला पारावर सांगायला येत नाही.

आणि माणूस फसतो ते पहिल्या हरण्यानं नाही. पहिल्यांदा दोनशेचे पाचशे झालेले असतात. पुढे दोन हजार जातात, तेव्हा तो म्हणतो, "खेळायचं नाही आता, फक्त गेलेले काढायचेत." मैत्रिणींनो, हे वाक्य घरात ऐकू आलं की सावध व्हा. आमच्या माहितीतली मोठी कर्जं याच वाक्यानंतरची आहेत.

बायका खेळत नाहीत, असंही समजू नका. दुपारच्या वेळी पैशाचा लुडो खेळणाऱ्या आपल्यातही आहेत. त्यांचं बाहेर यायला जास्त वेळ लागतो, कारण त्यांना बोलणी जास्त बसतात.

आता कायद्याचं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात बंद केले आहेत. त्यात कौशल्य आहे की नशीब, हा जुना वादही त्या कायद्यानं बाजूला ठेवला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पोलिसांच्या भीतीनं घरं तक्रारच करत नाहीत. कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले. पण टेलिग्रामवर लिंक येते, मित्र व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवतो, आणि खेळ परदेशातून चालू राहतो.

पूर्वी बऱ्याच ॲपमध्ये मर्यादा घालायची सोय असायची. दिवसाला इतकेच रुपये, इतकाच वेळ, महिनाभर खातं बंद. आमचं मत विचाराल तर ते मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यासारखं होतं. आताच्या चोरट्या खेळांत तेही मांजर नाही. जिंकलेले पैसे काढायला गेलं तर "आधी दोन हजार कर भरा" म्हणतात. कर असेल तर तो जिंकलेल्या रकमेतून कापतात, वरून मागत नाहीत. असं कुणी मागितलं की एक रुपयाही पाठवू नका. 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो.

मग लगाम कुठं लावायचा? टपरीपर्यंतची ती पायपीट परत आणायची. पैसा आणि फोन यांच्यामध्ये अंतर ठेवायचं. दुधाचे, उसाचे, पगाराचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याला यूपीआय जोडूच नका. दुसरं लहान खातं यूपीआयला जोडा आणि त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. मोठी रक्कम लागली तर बँकेत जाऊन स्लिप भरायची. गैरसोय होते, आणि तीच हवी आहे. यूपीआयनं साधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंत रक्कम जाऊ शकते. ज्या घरात महिन्याला पंधरा हजार येतात, त्या घराला एक लाखाचा दरवाजा कशाला? बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये ही मर्यादा कमी करता येते. एटीएम कार्डाचा ऑनलाइन वापरही बंद करता येतो, तो रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. जमत नसेल तर शाखेत सांगा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाची जागा असते, तीही उघडून बघा. तिथं एकदा परवानगी दिली की पैसे आपोआप कापले जातात. अनोळखी नाव दिसलं तर रद्द करा.

हे सगळं खेळणाऱ्याला सोबत घेऊन करा. काही जणींनी रागानं फोन पाण्याच्या हौदात टाकला. चार दिवसांत दुसरा आला, तोही उधारीवर. त्यानं स्वतः शांत असताना ठरवलं की यूपीआय बंद आणि पिन बायकोकडे, तर ते टिकायची शक्यता असते. तलफ रात्री येते; निर्णय सकाळी घेऊन ठेवलेला असला पाहिजे.

आता आपल्या खात्याचं. लाडक्या बहिणीचे पंधराशे तुमच्या खात्यात येतात, पण खात्याला नंबर कुणाचा? मुलाचा असेल तर ओटीपीही त्याच्याकडेच जातो. द्रौपदीनं भर सभेत विचारलं होतं, आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क कुठून आला? न विचारता वापरलेलं बायकोचं पासबुक बघितलं की आम्हाला तोच प्रश्न आठवतो. बँकेत जा, आपल्या खात्याला आपला नंबर जोडून घ्या.

आणखी एक सापळा. "ताई, खातं महिनाभर वापरायला द्या, पाच हजार देतो," असं सांगत कुणी आलं तर हाकलून द्या. जुगाराचा आणि फसवणुकीचा पैसा अशा खात्यांतून फिरवतात. खातं गोठतं आणि चौकशी खातेदार बाईची होते. गटाचं खातं तर कुणाच्याही फोनवर जोडायचं नाही.

शेवटी कर्जाचं. जुगाराची उधारी फेडायला गटानं कर्ज द्यावं का, यावर आमच्या बैठकीत चांगलंच भांडण झालं. एका आजींचं म्हणणं, आज दिलं तर उद्या पुन्हा मागेल. तरुण सुना म्हणाल्या, आपण नाही दिलं तर ती सावकाराकडे जाईल. दोन्ही खरंच आहे. शेवटी ठरलं ते असं: आधी सगळ्या उधाऱ्या कागदावर लिहायच्या, अगदी मेव्हण्याचे पाचशे आणि कर्ज देणाऱ्या ॲपचे तीन हजारसुद्धा. यूपीआय बंद केल्याचं गटाला दाखवायचं. मग रक्कम हातात न देता ज्याचं देणं त्याला द्यायची आणि पावती घ्यायची. नवऱ्यानं एकट्यानं घेतलेल्या कर्जावर बायकोची सही नसेल, ती जामीनदारही नसेल, तर वसुलीवाल्यानं दारात धमकावलं तरी ते देणं तिच्यावर येत नाही. सही मागायला आले तर करू नका, आधी गटात या.

झोप उडाली असेल, जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलत असेल, तर त्याला एकटं ठेवू नका. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक लावा. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरच्या माणसानंही फोन केला तर चालतो.

पुढच्या बैठकीला बँक सखी येणार आहेत. ऑटोपेची यादी आणि यूपीआयची मर्यादा प्रत्येकीच्या फोनवर बघून देणार आहेत. फोन चार्ज करून आणा, पासबुक आणा आणि चष्मा विसरू नका.