आपल्या कानांची वरची सीमा

श्रोतेहो, ज्या नादांविषयीं मी आज चार शब्द बोलणार आहें, त्यांतील सर्वांत बारीक नाद मला येथून तुम्हांला ऐकवितां येणार नाहींत. एफ. एम. प्रक्षेपणांत दर सेकंदास १५,००० कंपनांपर्यंतचेच ध्वनि तुमच्या घरीं पोहोंचतात. मध्यम लहरींवर तर त्याच्या निम्मेहि नाहींत. माणसाच्या कानाची मजल मात्र बालवयांत २०,००० कंपनांपर्यंत असते. पियानोच्या शेवटच्या पट्टीचा सूर ४,२०० च्या आसपासच संपतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या सीमेवरचा नाद किती बारीक असेल याची कल्पना येईल. तेथें सूर असा राहतच नाहीं. सुईच्या टोंकासारखें कांहीं तरी कानाला बोंचतें, एवढेंच.

ही सीमा जन्मभर एके ठिकाणीं राहत नाहीं. सामान्यतः चाळिशीच्या सुमारास ती १५,००० च्या आसपास येते, आणि साठी उलटल्यावर १२,००० किंवा त्याहूनहि खालीं. माणसामाणसांत अंतर पुष्कळ असतें. पण उतार सर्वांनाच आहे. याचें कारण कानाच्या रचनेंत सांपडतें. अंतःकर्णांत शंखासारखी वेटोळी असलेली एक नळी आहे. तिच्या तोंडाशीं बारीक नाद टिपणाऱ्या पेशी असतात, आणि वेटोळ्याच्या आंतल्या टोंकाशीं जाडे नाद टिपणाऱ्या. नादांची ही वांटणी कशी होते तें दाखविल्याबद्दल फॉन बेकेशी या शास्त्रज्ञास १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एका कानांत अशा केशयुक्त पेशी उण्यापुऱ्या पंधरा हजार. त्यांतल्या दाराशीं असलेल्या प्रथम झिजतात, आणि गेलेली पेशी माणसांत पुन्हां उगवत नाहीं.

ही परीक्षा प्रथम हौसेनें करून पाहणारा गृहस्थ म्हणजे इंग्लंडांतील फ्रान्सिस गॉल्टन. १८७६ च्या सुमारास त्यानें एक चिमुकली शिटी बनविली. तिची पोकळी स्क्रूनें कमीजास्त करून नाद हवा तितका बारीक करतां येई. हातांतील काठीच्या टोंकाला ती बसवून तो प्राणिसंग्रहालयांतील जनावरांपुढें वाजवीत फिरला, आणि सर्वांत तीक्ष्ण कान त्याला मांजराचे आढळले. माणसांची परीक्षा घेतांना मात्र त्याला निराळीच मौज दिसली. वयस्क मंडळींना आपल्याला कांहीं ऐकूं येत नाहीं याची वार्ताच नसे, आणि शेजारचें पोर ‘वाजते आहे’ म्हणालें कीं त्यांना राग येई! आपल्याकडेहि हा प्रयोग नकळत घरोघर झाला आहे. १९७२ मध्यें मुंबईस दूरदर्शन सुरू झालें. त्यानंतरच्या जुन्या कांचेच्या नळीच्या संचांत सेकंदाला १५,६२५ चित्ररेषा आंखल्या जात, आणि तेवढ्याच कंपनांची एक बारीक शीळ संचांतून निघे. आवाज पार बंद केला तरी संच चालू असल्याचें मुलें पलीकडल्या खोलींतून ओळखीत. आजोबांना तें जादूसारखें वाटे.

पण एवढी वरची सीमा ढळल्यानें बिघडतें काय, असें कोणी विचारील. १५,००० वरचें जग गेल्यानें रोजच्या व्यवहारांत खरोखरच फारसें कांहीं अडत नाहीं. अडतें तें उतार खालीं ४,००० पर्यंत पोहोंचल्यावर. आपल्या भाषेंतील स्वर बहुतांशीं खालच्या पट्ट्यांत असतात; ‘स’, ‘श’, ‘ठ’, ‘थ’, ‘फ’ यांची ओळख मात्र वरच्या पट्ट्यांतील सळसळीनें पटते. म्हणून म्हातारा माणूस म्हणतो, “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीं.” रविवार कारंजाच्या गर्दींत भाजीवाली ‘साठ’ म्हणते आणि आजी ‘सात’ देऊं लागते, घरचीं माणसें हंसतात, आणि आजी हळूहळू बोलणेंच सोडते. पावसाळ्याच्या अखेरीस गंगापूर धरणाच्या बाजूस रातकिड्यांचा जो गजर चालतो, त्याचा बराचसा भाग ४,००० ते ५,००० कंपनांचा असतो. नातवाला तो ऐकूं यावा आणि आपल्याला रात्र शांत वाटावी, ही त्या शांततेची मोठीच किंमत आहे.

नाशिककरांना हा विषय दूरचा नाहीं. येथल्या तांब्यापितळेच्या भांड्यांची वाखाणणी १८८३ च्या गॅझेटिअरमध्येंहि आहे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यानें आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तींत व्हेनिसमधील तांबटांचें वर्णन केलें आहे: ते एकाच आळींत राहतात, दिवसभर तांबें ठोकतात, आणि म्हातारपणीं ठार बहिरे होतात. नाद जाडा असो वा बारीक, अतिशय मोठ्या आवाजाचा पहिला घाव बहुधा ३,००० ते ६,००० कंपनांच्या पट्ट्यांतच दिसतो, म्हणजे नेमका व्यंजनांवर. आपल्या नाशिक ढोलाचा मला अभिमान आहे. पण तासन् तास ताशाजवळ उभ्या राहणाऱ्या वादकांनीं कानांत बोळे घालावे, एवढें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. मिरवणुकीनंतर कान गुणगुणले तर ती पेशींची तक्रार समजावी.

आतां परीक्षा घरीं कशी करावी? ठराविक कंपनांचा नाद काढणारीं साधनें मोबाइलवर फुकट मिळतात. खोली शांत असावी. प्रथम १,००० कंपनांचा नाद सुखानें ऐकूं येईल इतका आवाज ठेवावा आणि मग त्याला हात लावूं नये. नाद ऐकूं येईना म्हणून आवाज वाढविणें, हीच यांतली खरी जोखीम: आपल्याला न ऐकूं येणारा नादहि मोठा असला तर कानाला इजा करूं शकतो. यंत्र दुसऱ्याच्या हातीं द्यावें, आणि त्यानें मधून मधून मुळींच कांहीं न वाजवितां ‘आलें का?’ म्हणून विचारावें. नाहीं तर मन कानाची बाजू घेतें. दोन्ही कान निरनिराळे तपासावे. स्वस्त ध्वनिक्षेपक १५,००० च्या वर बहुधा डळमळतात, कधीं खालचाच भलता नाद काढतात. म्हणून शेजारीं दहाबारा वर्षांचें मूल बसवावें. त्यालाहि ऐकूं आलें नाहीं तर दोष यंत्राचा.

वैद्याकडील नेहमींची श्रवणपरीक्षा २५० ते ८,००० कंपनांपर्यंतच असते. तेवढी बहुतेकांना पुरते. परंतु क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकॅसिन यांचीं इंजेक्शनें ज्यांना दीर्घकाळ घ्यावीं लागतात, त्यांची गोष्ट निराळी. हीं औषधें प्राण वाचवितात. पण अंतःकर्णाच्या दाराशीं असलेल्या पेशींवरच प्रथम आघात करतात. तो ८,००० च्या वरच्या परीक्षेंत आधीं उमटतो. बोलणें ऐकूं येण्यांत अडचण पडूं लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अशा रोग्यानें औषध आपल्या मनानें कदापि सोडूं नये. मात्र उपचाराच्या आरंभींच वरच्या पट्ट्यांची परीक्षा करून द्या, असें डॉक्टरांना अवश्य म्हणावें. तें यंत्र प्रत्येक दवाखान्यांत असतेंच असें नाहीं. मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागांत चौकशी करावी.