नाली झाली, पाणी कुठं जाते?

(वर्धा येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मारहाण, पोटगी, मजुरी यांवर आपण सकाळपासून बोलतो आहोत. मी नालीवर बोलणार आहे. हसलात तरी चालेल. पण पावसाळ्यात घरात शिरलेलं पाणी कोण उपसतं? भिजलेले गहू कोण वाळवतं? तापलेलं पोर घेऊन दवाखान्याच्या रांगेत कोण बसतं, आणि त्या दिवसाची मजुरी कुणाची बुडते? सरकारने नालीवर न केलेला खर्च बाईच्या अंगावरून वसूल होतो. तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

वर्धा शहराला चिकटून सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी ही गावं आहेत. कारभार ग्रामपंचायतीचा, वस्ती शहराची. शेतं मोडून लेआउट पडले, प्लॉट विकले गेले. रस्ता दरवेळी वर चढतो, घर खाली राहतं. आपली जमीन काळी, भारी. पहिल्या पावसाचं पाणी ती भेगांतून पिते, पण एकदा फुगली की थेंब आत घेत नाही. पूर्वी पाणी धुऱ्याधुऱ्याने नाल्याला लागायचं. आता त्या धुऱ्यावर कुणाची तरी भिंत आहे. १९३५ साली गांधीजी मगनवाडीत राहत असताना त्यांचे सहकारी शेजारच्या सिंदी गावात सफाईला जात, हे आपण शाळेपासून ऐकतो. झाडूने घाण हटते. पाण्याला उतार लागतो, आणि उतार बांधायला पैसा लागतो.

तो पैसा आहे, पण वेगवेगळ्या डब्यांत. पंधराव्या वित्त आयोगाच्या गावांसाठीच्या निधीतला ऐंशी टक्के थेट ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला जाईल असं राज्य सरकारने ठरवलं. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी त्यातले साठ टक्के बंधित होते, निम्मे स्वच्छतेसाठी आणि निम्मे पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण वगैरेंसाठी. उरलेले चाळीस टक्के अबंधित. त्यातून पगार देता येत नाही, पण पावसाळी नाली बांधता येते. आयोग बदलला की टक्के बदलतात, म्हणून ग्रामसेवकाला आकडा दरवर्षी विचारायचा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि मोठ्या गावाला ६६० रुपये ठरले होते. मोठ्या ग्रामपंचायतींना नागरी सुविधांचं अनुदान जिल्हा नियोजन समितीच्या वाटेने मिळतं. अनुसूचित जाती-नवबौद्ध वस्त्यांसाठी समाजकल्याण विभागाची वेगळी योजना आहे.

आता गोम बघा. सांडपाण्याची नाली न्हाणी-मोरीच्या पाण्याच्या हिशेबाने बांधतात. जुलैत तिच्यात अख्ख्या रस्त्याचं पाणी येतं. ती तुंबते, आणि दोष बायकांना, की त्या कचरा टाकतात!

आम्ही काम करतो त्या एका गावात शंभर-सव्वाशे मीटरची सिमेंटची नाली झाली. वरच्या वॉर्डात सुरू झाली आणि बौद्ध वस्तीच्या तोंडाशी संपली. निधी तिथे संपला म्हणे. आधी वरच्यांच्या अंगणात थांबणारं पाणी आता वेगाने खालच्यांच्या घरात. एक म्हातारी मला म्हणाली, “बाई, नाली तर झाली, पण पाणी कुठं जाते?” इंजिनिअरला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. खोलगट जागी कोणाची वस्ती असते हे आपल्याला माहीत आहे. जातीचा नकाशा आणि पाण्याचा नकाशा फारसे वेगळे नसतात.

त्या वस्तीतल्या चार-पाच जणी बांधकामावर मजुरीला जातात. गवंडी पाण्याची नळी लावून लेव्हल कशी काढतो हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांनी नळी आणली, काठीवर खुणा केल्या आणि वरच्या वॉर्डापासून ओढ्यापर्यंतचा उतार दोन दिवसांत काढला. कुठे मोरी हवी, कुठल्या भिंतीने वाट अडली, सगळं वहीत. मग महिला सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर अंगठे घेऊन उरकतात. या वेळी साठ-सत्तर बाया आल्या. ठरावात “नाली बांधावी” असं लिहू दिलं नाही. “पावसाळी पाण्याचा निचरा, अमुक घरापासून ओढ्यापर्यंत, सलग” असं लिहून घेतलं. सरपंचबाई आधी गप्प होत्या, मागे त्यांचे यजमान बसलेले. पण वही पुढे ठेवल्यावर त्यांनी स्वतः सही केली.

पुढची लढाई डबे जोडण्याची. वस्तीतला तुकडा समाजकल्याणमधून, वरचा अबंधित निधीतून, ओढ्याजवळची मोरी जिल्हा नियोजनातून. प्रत्येक विभाग म्हणतो, माझी हद्द इथे संपली. आम्ही म्हटलं, तुकडे करा, पण अंदाजपत्रक एकच काढा आणि काम ओढ्याकडून वर सुरू करा. म्हणजे निधी मध्येच आटला तरी पाणी कुणाच्या दारात सोडलं जाणार नाही. या एका वाक्यावर तीन महिने फेऱ्या मारल्या. शेवटी खालचा टप्पा मंजूर झाला. बिल निघण्याआधी मोजमाप पुस्तिकेची नक्कल माहितीच्या अधिकारात मागितली, तेव्हा ठेकेदाराने खोली बरोबर केली.

जुलै २०२२ मध्ये वणेला पूर येऊन हिंगणघाटच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पंचनामे झाले. पण राज्याच्या आपत्ती निधीतला पाचवा हिस्सा पंधराव्या आयोगाने आपत्तीआधीच्या कामांसाठी वेगळा काढला होता. त्यातून काय मागितलं गेलं, हे पूरग्रस्त बायकांनी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारलं पाहिजे.

गावाचा आराखडा साधारण दिवाळीच्या आगेमागे ठरतो, जेव्हा अंगण कोरडं असतं आणि पाणी कुणाला आठवत नाही. म्हणून पाणी घरात असतानाच भिंतीवर खूण करा, तारीख टाका, आणि ती वही महिला सभेला घेऊन जा. वरचा टप्पा आमचाही अजून बाकी आहे. त्याचा ठराव पुढच्या सभेत येतो आहे.