काचेविना पेस्टल

सॉफ्ट पेस्टलच्या चित्रावरून बोट फिरवलं, की निळं आकाश बोटावर येतं. पेस्टलच्या कांडीत रंगद्रव्य आणि खडूची भुकटीच जास्त. त्यांना धरून ठेवणारा डिंक अगदी नावापुरता. कण कागदाच्या खरखरीत अंगात नुसते अडकलेले असतात, म्हणून वर काच लागते.

काच नको असेल, तर फिक्सेटिव्ह, म्हणजे कण कागदाला धरून ठेवणारा द्रव, फवारावं लागतं. पण पेस्टलची ती मखमली उजळ झाक कणांमधल्या हवेमुळे असते; प्रकाश तिथे विखुरतो. त्या फटी फिक्सेटिव्हनं भरल्या की रंग गडद होतात, आणि पांढऱ्याचं तेज आधी जातं. फार जीव हळहळतो हो, ते पाहताना!

फ्रेंच चित्रकार एदगार देगा रंगाचा एक थर द्यायचा, तो फिक्सेटिव्हनं पक्का करायचा, मग त्यावर पुन्हा रंग. लुईजी कियालिवा या चित्रकार मित्रानं त्याला खास फिक्सेटिव्ह पुरवलं होतं.

मला हीच रीत पटते. आधी टाकाऊ कागदावर फवारून बघा. खिडक्या उघड्या ठेवा. हातभर अंतरावरून हलकेच फवारा, वाळू द्या, मग पुढचा थर. उजळ पांढरे फटकारे शेवटी मारा आणि त्यांच्यावर अगदी निसटता फवारा द्या.

एवढं करूनही चित्र धुता-पुसता येत नाही. दमट भिंतीवर बुरशी धरतेच. पावसाळ्यात कोकणातल्या घरी मी तरी काचच लावेन, आणि चित्राला ती टेकू नये म्हणून मध्ये माउंटची जाड पट्टी.