आमच्या घरात दोन अम्मा होत्या



दत्तक या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, मी वकील नाही, एका मुलीची आई आहे. तेवढंच बोलते.

२०१७ साली आम्ही लेक घरी आणली तेव्हा ती पाच वर्षांची होती. दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन उशिरा झालेलं. बहुतेकांना तान्हं, निरोगी बाळ हवं असतं, त्यामुळे ही मागेच राहिली. कागदावर शेरा होता : ‘बोलत नाही, मंद वाटते.’

माझ्या नवऱ्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ती तिथे गल्ल्याशेजारी गप्प बसून असायची. चार महिन्यांनी एक गिऱ्हाईक होल्डर मागायला आलं, तर हिने नेमक्या खोक्याकडे बोट केलं आणि हाताच्या बोटांनी किंमत दाखवली. मग आम्ही मुद्दाम विचारून पाहिलं. निम्म्या दुकानाचे भाव तिला पाठ होते. मंद म्हणे!

टाळू नीट मिटत नसेल तर हवा नाकात निसटते. मग प, ब हे उच्चार फसतात. म मात्र मुळात नाकातलाच, तो सहज येतो. त्यामुळे ती मलाही अम्मा म्हणे आणि नवऱ्यालाही. अब्बा म्हणायला जाई, तोंडातून अम्मा येई. स्पीच थेरपिस्टनी नाकाखाली आरसा धरायला शिकवलं. ‘ब’ म्हणताना आरशावर वाफ धरली, तर हवा नाकातून गेली. रोज पंधरा मिनिटं, जवळजवळ दोन वर्षं. मध्ये आणखी एक ऑपरेशन. संस्थेतल्या ताईंना पंधरा-वीस लेकरांमागे हे कुठून जमणार? त्यांना मी दोष देत नाही.

आरसा बहुतेकदा सासूबाई धरत. दत्तकाला सर्वात जास्त विरोध त्यांचाच होता. ‘मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा, असं कुराणात आहे. आणि वयात आल्यावर ही बापासमोर पडदा करणार का?’ बापाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. तो मिटला असं मी म्हणणार नाही.

१९५६ चा दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. १८९० च्या कायद्याने आपण फक्त पालक व्हायचो, तेही मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. शबनम हाश्मी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१४ मध्ये निकाल आला : बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. सक्ती कुणावरच नाही. ज्याला आपला वैयक्तिक कायदा पाळायचा त्याने पाळावा. आमच्या हुकमावर ‘आई-वडील’ असं लिहिलंय. शाळेच्या दारात, ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करताना या दोन शब्दांची किंमत कळते.

एका संध्याकाळी दुकानात लाईट गेली आणि अंधारातून आवाज आला, ‘अब्बा, बल्ब.’ नवरा हातातली पेटी ठेवून खालीच बसला.

आता ती सातवीत आहे. परिपाठात बातम्या वाचते. आवाज अजून थोडा नाकातून येतो, एखादं पोर हसतं. आज चाचणी आहे म्हणून आली नाही. निघताना म्हणाली, ‘माझं सगळं सांग, पण दुकानात कुणाकुणाची उधारी आहे ते सांगू नको.’ तेवढं मी राखून ठेवते.